परभणीतलं मोठ्यांचं लसीकरण पॅकेज: फ्रीजला पाच स्टार, पत्रकाला एक

आबांना (वय ७२, शुगर, बिडी आत्ता कुठं सुटली) घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. परभणीत एका खाजगी सेंटरला मोठ्या माणसांसाठी लसीचं पॅकेज आहे, फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण अशा तीन लसी. नाव टाकत नाही, पुढं तक्रारी पण आहेत आणि परभणी केवढीशी, उगच वाकडं कशाला घ्यायचं. ज्यांना जायचंय त्यांनी आपापल्या सेंटरला हेच प्रश्न विचारावेत एवढ्यासाठी लिहितोय.

आधी पैशाचं. तिन्ही मिळून पंचवीस हजाराच्या पुढं जातं, त्यातला मोठा वाटा नागिणीच्या शिंग्रिक्सचा, तिचे दोन डोस लागतात दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. आकडा ऐकून आबा काउंटरवरच म्हणाले, "आरं एवढ्यात बोअरची मोटर येती की." खरंय, पण आमच्या आत्याला चार वर्षांमागं नागीण झालेली त्यांनीच बघितली होती. बाहेरचे फोड तीन आठवड्यात गेले आणि कमरेतली आग आठ महिने राहिली, लुगडं टेकलं तरी ओरडायची. गेरू लावून झाला, मंत्र टाकून झाला, नागिणीचं तोंड शेपटाला भेटतंय का म्हणून रोज कंदिलासारखा मोबाइल धरून बघून झालं. त्यामुळं मोटरीचा विषय तिथंच संपला.

आता चांगलं काय ते सांगतो. फ्रीज. माझं सेलूला कृषी सेवा केंद्र आहे, मी पण रायझोबियम, ट्रायकोडर्मा असला जिवंत माल विकतो आणि पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात त्याचं काय होतं ते मला चांगलं माहितीय, पाकिटावर काही का छापलेलं असेना आतले जीव कधीच गेलेले असतात. म्हणून पहिला प्रश्न मी फ्रीजचाच विचारला. सिस्टर आधी जरा चिडल्या (रोज कोण विचारतं म्हणा), मग आतच घेऊन गेल्या. लसीसाठीचा वेगळा फ्रीज, बाहेर टेंपरेचरचा आकडा ४.६, शेजारी भिंतीला खिळ्यावर लटकवलेलं रजिस्टर, त्यात सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी, प्रत्येकीपुढं सही. लस २ ते ८ डिग्रीतच राहिली पाहिजे. आठवडाभर आधी वादळानं आमच्याकडं सोळा तास लाइट नव्हती, तर त्या दिवसाचं पान मी मुद्दाम उलटून बघितलं, दर दोन तासाला नोंद होती आणि कडेला "इन्व्हर्टरवर" असं लाल पेनानं. डब्बा नाही, दूध नाही, कुणाचं दही नाही. या एका रजिस्टरसाठी पाच स्टार.

फ्लूच्या खोक्यावर कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या गोलार्धाचा फॉर्म्युला आहे ते पण बघून घ्या, दक्षिण वाला का उत्तर वाला. आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, मग मे-जूनमध्ये जाऊन गेल्या हिवाळ्यातला उरलेला माल कशाला टोचून घ्यायचा. इथं नवीनच होता. सिस्टरांचा हात पण हलका, आबांना कळलंच नाही कधी झालं ते. कार्डावर बॅच नंबर मात्र मागितल्यावरच लिहिला, तेवढा मागून घ्या.

आणि आता ते पत्रक.

वेटिंगला बसलो तेव्हा हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक दिलं. तीन मोठाले गोल, फ्लूपासून ६०% संरक्षण, न्यूमोनियापासून ७५% संरक्षण, नागिणीपासून ९७% संरक्षण. खाली हसणारे आजी-आजोबा. बस. कुणावर केलं, कुणाशी तुलना, किती दिवस, काही नाही. मला हसू आलं कारण असली पत्रकं माझ्या काउंटरवर गठ्ठ्यानं पडलेली असतात, "गुलाबी बोंडअळीवर जबरदस्त नियंत्रण". मी शिकलो इथंच परभणीच्या कृषी विद्यापीठात (तेव्हा नुसतं मराठवाडा कृषी विद्यापीठ नाव होतं), आणि कीटकशास्त्राच्या सरांनी फवारणीचा टक्का कसा काढायचा ते डोक्यात ठोकून बसवलं होतं: फवारलेल्या प्लॉटातल्या अळ्या भागिले न फवारलेल्या प्लॉटातल्या अळ्या, ते एकातून वजा करा. ॲबटचं सूत्र, १९२५ चं. लसीचा टक्का अगदी हाच आहे हो, लस घेतलेल्यांतला आजाराचा दर भागिले न घेतलेल्यांतला दर, एकातून वजा. म्हणजे ९७% चा अर्थ शंभरातले ९७ जण वाचले असा नसतो, न घेतलेल्यांच्या मानानं आजार ९७% कमी झाला असा असतो. मग न घेतलेले कोण होते आणि त्यांच्यात आजार किती होता हे सांगितल्याशिवाय त्या गोलाला काय अर्थ आहे.

नागिणीचंच बघा, हा आकडा खरंतर तिघांत सगळ्यात भक्कम. २०१५ ला आलेली ट्रायल, पन्नाशीच्या पुढची माणसं, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. साधारण तीन वर्षात लसवाल्या ७३४४ जणांत ६ जणांना नागीण, पाणीवाल्या ७४१५ जणांत २१० जणांना. हे झाले ९७%. पण पाणीवाल्यांतल्या पण सात हजार दोनशे जणांना तीन वर्षात काही झालं नव्हतंच की. हिशोब केला तर तीन वर्षात एकाची नागीण टाळायला ३६ जणांना टोचावं लागतं. आत्याची आग आठवली की मला ३६ जास्त वाटत नाहीत, तुम्हाला वाटतील, तो ज्याचा त्याचा हिशोब, पण हिशोब करायला दोन्ही आकडे लागतात आणि पत्रकात एकच. शिवाय आबा ७२ चे. सत्तरीच्या पुढच्यांवर वेगळी ट्रायल झालेली आहे, तिचं उत्तर ९० च्या आसपास. तरी झकास. मग तोच छापा ना, म्हाताऱ्या माणसाच्या हातात पन्नाशीवाल्यांचा आकडा कशाला?

न्यूमोनियाच्या ७५% ने मात्र माझं डोकं फिरलं. हा आकडा हॉलंडच्या ट्रायलमधला, ६५ च्या पुढची ८४ हजार माणसं, मोठं आणि नीट केलेलं काम. पण ७५% कशाचे? त्या लसीत न्यूमोकोकस नावाच्या जंतूचे १३ प्रकार आहेत, त्या १३ पैकीच्या जंतूनं रक्तात वगैरे घुसून केलेला जो गंभीर आजार, त्याच्यात ७५% घट. लसवाल्यांत ७ जण, बिनलसवाल्यांत २८. त्याच १३ प्रकारांमुळं झालेला न्यूमोनिया धरला तर घट ४६% च्या जवळ. आणि आपण ज्याला नुसतं न्यूमोनिया म्हणतो, कोणत्याही जंतूनं झालेला, छातीचा फोटो काढून डॉक्टर सांगतात तो? ७४७ विरुद्ध ७८७. पाच टक्के, आणि तो फरक पण योगायोगानं पडला असेल असं म्हणण्याइतका बारका. एकच ट्रायल, एकच लस, तीन आकडे, आणि पत्रकवाल्यानं बरोब्बर सगळ्यात मोठा उचलून त्याच्यापुढं "न्यूमोनियापासून" लिहिलं. हे म्हणजे मी तुडतुड्यावर चालणारं औषध "कपाशीवरील किडींसाठी" म्हणून विकण्यासारखं झालं. (विकतात लोक. मी नाव घेत नाही.)

बरं ७ आणि २८ हे इतके थोडे आकडे आहेत की दोनचार जण इकडचे तिकडं झाले असते तर टक्का कुठल्या कुठं गेला असता, म्हणून असल्या अभ्यासात आकड्याच्या दोन्ही बाजूला खालची-वरची मर्यादा देतात, इथं ती ४१ पासून ९१ पर्यंत आहे. ७५ हा मधला खुंटा. खुंट्याला बांधलेलं जनावर किती लांब चरतंय ते बघायला नको का.

मी डॉक्टरांना हे विचारलं. चांगले आहेत ते, तरुण आहेत, चिडले नाहीत, म्हणाले "सर पत्रक वरून येतं, आम्ही वाटतो." मग म्हणाले की आबांना शुगर आहे, फुप्फुस बिडीनं गेलंय, यांना तो रक्तात घुसणारा प्रकार झाला तर जीवावर बेततं म्हणून मी लस देतो. हे कारण मला लगेच पटलं, पाच मिनिटात पटलं, आणि हे कारण पत्रकात कुठंच नव्हतं. घेतली लस.

फ्लूच्या ६०% ची गोष्ट अजून वेगळी. फ्लूचा विषाणू दरवर्षी कपडे बदलतो त्यामुळं दरवर्षी नवी मोठी ट्रायल करणं काही होत नाही. मग करतात काय, ताप-खोकला घेऊन दवाखान्यात आलेल्यांची नाकातून तपासणी करतात, फ्लू निघालेले एकीकडं, फ्लू न निघालेले (दुसऱ्या कशानं तरी खोकणारे) दुसरीकडं, आणि दोन्ही गटात लस घेतलेले किती ते मोजतात. हुशार पद्धत आहे, कारण दोन्हीकडचे दवाखान्यात जाणारेच लोक आहेत, सारख्या सवयीचे. पण जो मेडिकलवरून गोळ्या घेऊन शेतात गेला तो मोजलाच गेला नाही, आणि आपल्याकडं असे किती ते सांगायला नको. शिवाय ६०% म्हणजे चांगल्या वर्षाचा आकडा, लस आणि विषाणू जुळले तर ४० ते ६० च्या मध्ये येतो. २०१४-१५ ला अमेरिकेत विषाणूनं रूप बदललं आणि तिथलं उत्तर १९% आलं. पाऊस चांगला झालेल्या वर्षाचा उतारा दाखवून बियाणं विकायचं, दुष्काळातला कुणी छापत नाही.

इथं डेमो प्लॉटची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कंपनीचा माणूस माझ्याकडं येतो आणि म्हणतो, डेमोला एक शेतकरी द्या. मी कुणाचं नाव देतो? ठिबक असलेल्याचं, काळीभोर जमीन असलेल्याचं, वेळेवर खुरपणी करणाऱ्याचं, रस्त्याकडंला शेत असलेल्याचं. मग तिथं सोयाबीन कमरेला लागतं, बोर्ड लागतो, फोटो निघतात, आणि शेजारच्या माळरानावरच्या गड्याशी तुलना करून "आमच्या टॉनिकनं फरक" म्हणतात. टॉनिक नसतं घातलं तरी तिथं कमरेलाच लागणार होतं! लसीत पण हेच होतं. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ७२ हजार लोकांच्या नोंदी काढून २००६ ला एक अभ्यास छापला, फ्लूची लस घेतलेल्यांत मरणाचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा बरंच कमी दिसत होतं. लसीचा गुण म्हणावं तर त्यांनी काय केलं, फ्लूचा सीझन सुरू व्हायच्या आधीचे महिने वेगळे काढून बघितले. फ्लूच नाही तर लस वाचवणार कशापासून? तर तिथं घट अजूनच मोठी, ६१%. म्हणजे जो म्हातारा स्वतः चालत येऊन लस घेऊ शकतो तो मुळातच धडधाकट, अंथरुणाला खिळलेला येतच नाही. लस काम करत नाही असा ह्याचा अर्थ नाही हो (व्हॉट्सॲपवर लगेच तसा अर्थ काढतील म्हणून सांगतो), एवढाच की त्या मोठ्या आकड्यातला बराच भाग लसीचा नसून ठिबकवाल्याचा होता.

आणि हे नेहमी एकाच दिशेला जातं असं पण नाही. अमेरिकेत १९५४ ला पोलिओच्या लसीची अवाढव्य ट्रायल झाली, त्यातल्या ज्या भागात चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं तिथं लाखामागं पोलिओ असा निघाला: लस दिलेल्यांत २८, नुसतं पाणी टोचलेल्यांत ७१, आणि ज्यांच्या आईबापांनी भागच घेतला नाही त्यांच्यात ४६. आता बघा, पाणी टोचलेल्यांना ७१ आणि काहीच न केलेल्यांना ४६, पाण्यानं पोलिओ वाढला का? नाही. भाग घेणारी घरं जास्त सुखवस्तू, स्वच्छ, त्यांच्या पोरांना लहानपणी जंतूची ओळखच झालेली नव्हती म्हणून त्यांना पोलिओ जास्त. नकार देणाऱ्यांशी तुलना केली असती तर लस आहे त्यापेक्षा कमजोर दिसली असती. शेताला उतार असतो, वरच्या अंगाला पाणी थांबत नाही, खालच्या अंगाला चिभडतं, म्हणून विद्यापीठात आम्हाला प्लॉट चिठ्ठी टाकून पाडायला लावायचे, सगळे चांगले प्लॉट एकाच औषधाला जाऊ नयेत म्हणून. ते तंत्र मुळात शेतीतूनच आलंय, इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रात फिशर नावाच्या माणसानं बसवलेलं. डॉक्टर लोकांनी ते नंतर उचललं. उगच छाती फुगवायला सांगतोय.

घरी आल्यावर कट्ट्यावर आबांची शाळा भरली. एक काका म्हणाले, "कोविडात ॲडमिट झालेले सगळे लस घेतलेलेच होते, काय उपेग झाला?" मी तिथंच मातीत काडीनं लिहून दाखवलं. समजा गावात शंभर म्हातारे, ९५ जणांनी लस घेतली, ५ जणांनी नाही. घेतलेल्यांतले ४ ॲडमिट, न घेतलेल्यांतले २. वॉर्डात गेलो तर सहापैकी चौघं लसवाले दिसणार. पण ९५ तले ४ आणि ५ तले २, कुठं राहणं बरं? काका म्हणाले, "हां, असं होय." इस्रायलमध्ये ऑगस्ट २०२१ ला नेमकी हीच ओरड झाली होती, गंभीर ५१५ पेशंटपैकी ३०१ दोन्ही डोस झालेले. आणि सगळ्या वयाचे एकत्र धरून टक्का काढला तर ६७ च्या आसपास येत होता, पन्नाशीच्या आतले आणि वरचे वेगळे केले तर एकीकडं ९२ आणि दुसरीकडं ८५. दोन्ही भाग मोठे आणि बेरीज बारकी! कारण म्हातारे जास्त आजारी पण पडतात आणि लस पण त्यांनीच जास्त घेतलेली. कोरडवाहू आणि बागायत एकाच वजनकाट्यावर घातलं की असंच होतं.

आपल्या कोव्हॅक्सिनचं पण लोकांना कळंना झालं होतं, ट्रायलमध्ये ७७.८% (लसवाल्यांत २४, बाकीच्यांत १०६) आणि दिल्लीच्या एम्समधल्या कर्मचाऱ्यांवर एप्रिल-मे २०२१ ला बघितलं तर ५०%. खोटं कोण बोललं? कुणीच नाही. एक ट्रायल, एक त्या तपासणीवाल्या पद्धतीनं केलेला अभ्यास, आणि दुसऱ्या लाटेच्या ऐन मध्यात, डेल्टा चालू असताना, दिवसभर पेशंटमध्येच उभ्या राहणाऱ्या लोकांवर. जेएस ३३५ हे सोयाबीनचं बियाणं, ते आमच्या काळ्या रानात एक उतारा देतं आणि माळावर दुसरा, कुणी बियाण्याला फसवं म्हणत नाही. बीसीजीचं तर याहून भारी, इंग्लंडच्या ट्रायलमध्ये क्षयावर ८० च्या जवळ आणि आपल्या तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखाच्या वर लोकांवर बघितलं तर मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर जवळजवळ शून्य. पत्रकाखाली "हा आकडा कुठला" एवढी एक ओळ असती तर मी दोन स्टार वाढवले असते.

शेवटची तक्रार, ही फार करमणुकीची आहे. दोन महिन्यांनी सेंटरचा व्हॉट्सॲप आला, "लस घेतल्यानंतर आपल्याला फ्लू झाला का? हो / नाही." आबांना मधे सर्दी झाली होती, ती फ्लू होती का साधी कुणाला माहीत, टेस्ट कुणी केली? मी तसं लिहून पाठवलं तर "कृपया हो किंवा नाही लिहा" असं उत्तर. मी काहीच लिहिलं नाही. आठवड्यानं त्यांचा रंगीत मेसेज आला की आमच्या जवळपास सर्व पेशंटना फ्लू झाला नाही, सोबत टाळ्या. अहो आमच्या मोंढ्यातल्या गल्लीत लस कुणीच घेतली नव्हती आणि तिथं पण जवळपास सगळ्यांना फ्लू झाला नाही! फोन करून हे सांगितलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "काका, छान आहे ना मग." तिचं काही चुकलं नाही, पण माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बाकी बारकंसारकं: लिफ्ट बंद होती, आबांना दोन जिने चढावं लागलं, खाली एक खुर्ची तरी ठेवा. पार्किंग नाही, गाडी पलीकडच्या गल्लीत लावा. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते बरोबर आहे, पळू नका. शिंग्रिक्सनं आबांचा दंड दोन दिवस दुखला आणि रात्री कणकण आली, ते आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही, यासाठी डॉक्टरांना पैकीच्या पैकी.

एकूण साडेतीन. नागिणीचा दुसरा डोस दिवाळीच्या आधी घ्यायचाय, तिथंच घेणार, त्या रजिस्टरसाठी. सकाळी साडेनवाला गेलात तर नंबर लवकर लागतो. सिस्टरांना घरामागं वांगी लावायचीत, रोपं कोणती चांगली म्हणून विचारत होत्या, मी पत्रक न देता तोंडानंच सांगितलं.